रात्री उष्णता कुठे जाते?

दिवाळी सरली की झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडईच्या रात्री नाटक. त्या दिवसांत नवेगाव बांधला कुणाच्याही ओसरीवर बसलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दिवसा पलीकडच्या गावचा भोंगा आयकू येत नाही, अन् रातच्यानं नाटकातला आर्गन इथंवर आयकू येते. काहून जी?" विचारणारा बहुधा उत्तरही स्वतःच देऊन टाकतो: रात्री सामसूम असते ना! ते खरं आहे, पण पुरेसं नाही. सामसूम असली की आवाज ओळखू येतो. तो इतक्या लांब पोचतो, त्याचं कारण हवेत आहे आणि हवेचं भौतिकशास्त्र हा माझा विषय, म्हणून मी जरा सरसावून बसतो.

आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. शून्य अंशाला तो सेकंदाला ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमीन तापलेली, तिला टेकलेली हवा गरम आणि वर जावं तशी थंड. त्यामुळे आवाजाच्या लाटेचा खालचा भाग पुढे पळतो, वरचा मागे पडतो आणि अख्खी लाट आभाळाकडे वळते. काही अंतरानंतर ती आपल्या डोक्यावरून निघून जाते. थंडीतल्या निरभ्र रात्री याच्या उलट होतं. जमिनीलगतची हवा गार आणि पन्नास-शंभर मीटर उंचीवरची तिच्यापेक्षा उबदार, म्हणून लाट खाली वाकते आणि दूरच्या ओसरीत उतरते. मँचेस्टरचे प्राध्यापक ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८७०च्या दशकात आवाजाच्या या वळण्याचा उलगडा केला.

आपल्याकडे सगळे सांगतात की आवाज नवेगाव बांधच्या तलावावरून येतो म्हणून लांब जातो. सपाट पाणी झाडाझुडपांसारखा आवाज गिळत नाही, एवढं त्यात खरं. पण थंडीतल्या रात्री तलावाचं पाणी हवेपेक्षा गरम असतं आणि त्याच्या अगदी वरची हवाही. तिथे आवाज खाली वाकायला अडचणच येते. नाटक ऐकायला उत्तम वाट धानाच्या मोकळ्या बांध्यांवरून येणारी. तलावावरून आवाज यावा तो उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना. तेव्हा पाणी हवेपेक्षा थंड असतं आणि पलीकडच्या काठावरचं बोलणं अलीकडे येतं.

हेच वळणं पावसाळ्यात जिवावर बेततं. विजेचा कडकडाट उंचावर जन्मतो, खाली येताना हवा गरम होत जाते आणि आवाज पुन्हा वर वळतो. म्हणून पंधरा-वीस किलोमीटरपलीकडची वीज नुसती चमकताना दिसते, गडगडाट पोचत नाही. याचा दुसरा अर्थ असा की गडगडाट ऐकू आला, म्हणजे ढग पुरेसा जवळ आलेला आहे आणि पुढची वीज आपल्या बांधीतही पडू शकते. रोवणीच्या चिखलात वाकलेल्या बायांना 'अजून लांब आहे' म्हणणारा मुकादम चुकीचं सांगत असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप हातात असेल तर उत्तम, नसेल तर पहिला गडगडाट हीच सूचना.

आता मुळाकडे. रात्री वरची हवा उबदार राहते आणि जमीनच आधी गार का पडते? सूर्य मावळला म्हणून, असं उत्तर मिळतं. सूर्य मावळल्याने नवी उष्णता यायची थांबते, पण होती ती गेली कुठे? ती वर जाते, शेवटी अवकाशात. माती, पान, टिनाचं छप्पर, आपलं अंग, प्रत्येक वस्तू डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी उष्णता फेकत असते. दिवसाही फेकते, पण तेव्हा सूर्याकडून जास्त मिळत असते. रात्री खर्च चालू आणि जमा बंद. ढग आणि हवेतली वाफ या फेकलेल्या उष्णतेतला बराच भाग परत खाली पाठवतात, म्हणून भाद्रपदातली ढगाळ रात्र उकडते. मान्सून परतला, आभाळ स्वच्छ आणि हवा कोरडी झाली की परत येणारा वाटा घटतो. समुद्र दूर, उत्तरेकडून येणारी कोरडी हवा, मोकळं आभाळ: विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव वारंवार का येतं, ते यावरून कळावं.

दव हे याच खर्चाचं फळ. मंडईत उघड्यावर रात्र काढणाऱ्याची घोंगडी पहाटे वरून ओली होते आणि मंडपाखाली बसलेल्याची कोरडी राहते. त्यावरून वाटतं, दव पावसासारखं वरून पडतं आणि मंडपाने ते अडवलं. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी १८१४ साली दवावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी चार खुंट्यांवर फळी ठेवली, तिच्या वर लोकरीचा एक पुंजका आणि खालच्या बाजूला तेवढाच दुसरा बांधला. सकाळी दोन्ही तोलले. वरच्या लोकरीने खालच्यापेक्षा तिपटीहून जास्त पाणी धरलं होतं, पण खालचीही भिजलेली होती. वरून पडणारं पाणी फळीखाली कसं पोचणार? पाणी आजूबाजूच्या हवेतलंच. ज्या वस्तूला मोकळं आभाळ दिसतं ती जास्त उष्णता गमावते, हवेपेक्षाही गार होते आणि तिला टेकलेल्या हवेतली वाफ तिच्यावर जमते. फळी, मंडप, मोहाचं झाड हे सगळे आभाळ झाकतात. साधा कापूस घेऊन हा प्रयोग आपल्या अंगणात कुणालाही करता येतो. मुलांना जरूर करायला लावा, एका रात्रीत उत्तर मिळतं.

धानकापणीत हे ज्ञान पुस्तकाशिवाय वापरात आहे. कापून बांधीत पसरलेल्या कडपा उघड्या आभाळाखाली असतात, रात्री चिंब होतात. पहाटेच्या त्या ओलीत भारे बांधले तर दाणा कमी झडतो. तेच ओले भारे पुंजण्यात रचले तर आतून तापतात, म्हणून रचायला ऊन चढू द्यायचं.

मोकळ्या आभाळाची ही ताकद किती असू शकते? रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांचं वर्णन छापलं. जमिनीत उथळ खड्डे, त्यात सुक्या उसाच्या नाहीतर मक्याच्या ताटांचा थर, त्यावर मातीच्या उथळ थाळ्यांत पाणी. थंडीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे थाळ्यांत बर्फ धरलेला असे. ताटांचा थर जमिनीची ऊब अडवत होता, आणि पाणी इतकं थोडं की आभाळाला देण्यासाठी त्याच्यापाशी साठा नव्हता. ढग आले किंवा वारा सुटला की त्या रात्रीची मेहनत फुकट. माझ्या मते दवाची सगळी गोष्ट समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण नाही आणि ते आपल्या देशातलं आहे. आपल्या शाळांच्या पुस्तकांत ते का नाही, हे कोडं मला सुटलेलं नाही.

त्या थाळीच्या दुसऱ्या टोकाला आपला तलाव. कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात डोंगरांमधली वाट पाळ घालून बंद केली, असं इथे सांगतात. आज त्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर आहे. पाणी एक अंशाने तापवायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या साधारण पाचपट उष्णता लागते. शिवाय मातीत उष्णता वीतभर खोल जाते, पाण्यात ऊन खोल शिरतं आणि वारा ते ढवळतो. रात्री वरचा थर गार झाला की जड होऊन खाली जातो आणि खालचं उबदार पाणी वर येतं. म्हणून थाळीत बर्फ धरतो आणि तलावावर तशाच पहाटे वाफ निघते.

डिसेंबरच्या पहाटे पाळीवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना पांढरं दिसतं आणि बघणारे दोन्हीला धुकं म्हणतात. दोघांची जन्मकथा उलटी आहे. बांध्यांवरचं धुकं जमीन गार झाल्याने होतं आणि ते अंथरल्यासारखं पडून राहतं. तलावावरची वाफ पाणी गरम असल्याने होते. डोंगरउतारावरून ओघळलेली गार हवा उबदार पाण्यावर येते, पाण्यातून निघालेली वाफ त्या गारव्यात लगेच थिजते आणि चुलीवरच्या आधणासारखी वळत वर जाते. खात्री करायची तर पाण्यात हात घालावा.

तलावामुळे अख्ख्या तालुक्यात उन्हाळा सौम्य होतो, हा दावा मात्र मला पटत नाही. तलावावरून एक मिलिमीटर पाणी उडालं तरी ते १ कोटी १० लाख लीटर होतं आणि ते उडवायला प्रचंड उष्णता खर्ची पडते, हे खरं. पण चार-पाच किलोमीटरच्या पाण्याला समुद्रासारखं वारं वाहवता येत नाही. काठावर सुखद वाटतं, दोन गावं पलीकडे मेची दुपार जशीच्या तशी असते.

मारुती चितमपल्लींचं 'नवेगावबांधचे दिवस' वाचून हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे विचारतात, तलवार बदकांचे पाय पाण्यात गारठत कसे नाहीत? गारठतात, पण त्याने बिघडत नाही. पायात मांस नाममात्र, कंडराच जास्त. शिवाय पायाकडे जाणारी गरम रक्ताची वाहिनी आणि परतणारी थंड रक्ताची वाहिनी एकमेकींना चिकटून असतात. गरम रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. पायापर्यंत फारशी उष्णता पोचतच नाही, मग तलाव घेणार काय?

शेवटचा प्रश्न ढीवर बांधवांचा, आणि तो पोटाचा आहे. श्रावणात दोन-तीन दिवस झड लागली की एखाद्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, पहाटे मासळी वर येऊन तोंड उघडझाप करते आणि दिवस उजाडेपर्यंत मरते. कुणीतरी औषध टाकलं, असा संशय घेतला जातो आणि कधी भांडणंही होतात. बऱ्याचदा कारण साधं असतं. पाण्यातल्या वनस्पती उजेडात प्राणवायू देतात, रात्री त्याच तो वापरतात. ढगाळ दिवसांत कमाई तोकडी, रात्रीचा खर्च पूर्ण. त्यात पावसाचं गार पाणी जड होऊन तळाशी जातं आणि तळचं प्राणवायू नसलेलं पाणी वर ढकलतं. रोहू, कतला आधी मरतात. मागूर आणि शिंगी हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून त्या वाचतात. मेलेल्यांत मागूर नसेल तर विषाआधी प्राणवायूचा संशय घ्यावा.

अर्जुनी मोरगाव भागात ढीवर महिलांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांतली बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, ते काम या दृष्टीनेही मोलाचं आहे. वनस्पती सगळ्या उपटल्या तर दिवसाची कमाई बुडते, बेसुमार वाढल्या तर रात्री भागत नाही. किती ठेवायच्या हे बोडीच्या खोलीवर ठरतं आणि त्यासाठी पाण्यातला प्राणवायू मोजावा लागतो, तोही सूर्य उगवायच्या आधी, कारण तो तेव्हा सर्वांत कमी असतो. मासळी मेल्याची तक्रार गेल्यावर नमुना घ्यायला गाडी येते ती बहुधा दुपारी, आणि अहवालात प्राणवायू पुरेसा असल्याचं लिहिलेलं असतं. दुपारी तो पुरेसाच असणार.