मोगऱ्याचा खंड

वसंताची चाहूल घ्यायला मला शिकवलं पारनाक्यावरच्या माईंनी. आम्ही त्यांच्या वाड्यातले भाडेकरू. मागच्या परसात विहीर, कडुलिंब, अळू आणि माईंचे मोगरे.

कल्याणात थंडी ती केवढी! तरी संक्रांत झाली की माई मोगऱ्यांचं पाणी तोडत. दया येऊन कोणी तांब्याभर ओतलं, तर त्यांना मातीवरून कळे. पानं पिवळी पडत. रथसप्तमीच्या सुमारास उरलेली पानं हातानं काढायची, फांद्या छाटायच्या, आळं मोकळं करून त्याला ऊन दाखवायचं. मग शेणखत आणि पोटभर पाणी. "बसून खायला मिळालं की नुसता पाला काढतो मेला," असं त्या मोगऱ्याबद्दल म्हणत, आणि नजर आमच्यातल्या एखाद्यावर असे. कळी नव्या फुटीवरच धरते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. माईंचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

कोकिळेचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. ती काय, कोणालाही ऐकू येते. त्या कान देत तांबटाच्या टुकटुकीला. कडुलिंबाचा पाचोळा झाडून कंबर मोडायची आणि वर पाहावं तर त्याच फांद्यांना तांबूस पालवी. आपल्याकडे शिशिर आणि वसंत असे एकाच केरसुणीखाली येतात. पुढे १८६४ सालापासूनच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयातून दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' आणलं, तेव्हा त्यातला चैत्र मला अनोळखी वाटला नाही. परसातच भेटलेला होता.

आम्ही ब्लॉकमध्ये राहायला निघालो त्या पावसाळ्यात माईंनी मोगऱ्याची खालची फांदी वाकवून मातीत दाबली, वर वीट ठेवली. दाब कलमाला मुळं फुटल्यावर ते कापून डब्यात लावून दिलं. पैसे घेईनात. "खंड दे," म्हणाल्या. "दरसाल पहिली फुलं माझ्या चैत्रगौरीला."

तो खंड मी भरत आले. आंब्याची डाळ आणि पन्हं घेऊन परतायचे, म्हणजे देण्यात भरच पडायची. वाडा पाडून इमारत झाली. माईही गेल्या. त्यांची गौर आता सुनेकडे, बदलापूरला बसते. गॅलरीतला मोगरा फुलला की पुडा घेऊन मी लोकल पकडते. त्याच झाडाची कलमं मी शेजारीपाजारी दिली आहेत. त्यांच्याकडून खंड मागायचा मात्र मला धीर होत नाही. तो माईंनाच शोभत होता.

यंदा पाडवा उलटून गेला तरी कळ्या मिरीएवढ्याच होत्या. अक्षय्यतृतीया तोंडावर आली तेव्हा कुठे पुडाभर फुलं जमली. सुनेनं ती हुंगली, गौरीपुढे ठेवली आणि सासूच्याच सुरात म्हणाली, "पाणी उशिरा तोडलंत वाटतं!"