५५ डेसिबल

मला आवाज ऐकू येतो, बोलणं ऐकू येईलच असं नाही. स्वर पोचतात; स, श, फ असली उंच पट्टीची, हळू व्यंजनं वाटेतच गळतात. 'साठ' माझ्यापर्यंत 'आठ' होऊन येतो. मी बँकेत काउंटरवर बसते, त्यामुळे आकडा स्लिपवर लिहूनच घेते. काचेपलीकडचे ओठ दिसले की बाकीचं निभावतं. २०२० मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले, तेव्हा आपण किती ओठांच्या भरवशावर आहोत ते समजलं.

"हिला हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं," हे आईपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांनी ऐकवलंय. त्यांनाही दोष कसा द्यावा? शांत खोलीत, ओळखीच्या माणसाशी मी तासभर गप्पा मारते. लग्नाच्या हॉलमध्ये तीच मी ठोंब्यासारखी हसत बसते. सांगितलं, तर लोक ओरडून बोलतात; त्याने स्वर मोठे होतात, 'स' होता तिथेच राहतो. नाही सांगितलं, तर मी शिष्ट. कानाने अर्धं द्यायचं आणि उरलेलं मनाने जुळवायचं, यात संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांची श्रवणहानी ७० डेसिबल असेल तर कर्णबधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे. माझी ५५च्या आसपास. तपासणारे डॉक्टर म्हणाले, "आणखी थोडं कमी ऐकू येत असतं, तर प्रमाणपत्र देता आलं असतं." तपासणीत बीप ऐकून बटण जरा उशिरा दाबायला हवं होतं, असं क्षणभर मनात आलंच.

मग एकदा कर्णबधिरांच्या स्नेहमेळाव्याला गेले. तिथे बोटं, भुवया, खांदे, सगळंच बोलत होतं. मी शिकलेल्या चार खुणा केल्या, सवयीने तोंडानेही पुटपुटले. समोरच्या मुलीने माझ्या ओठांकडे पाहिलं, मी ऐकणाऱ्यांतली हे ताडलं आणि माझ्यासाठी मोठमोठ्या, सावकाश खुणा करायला लागली. ऐकणारे माझ्याशी ओरडून बोलतात ना, तसंच अगदी. मला हसू आलं, आणि थोडं लागलंही.

नवं श्रवणयंत्र घेताना विक्रेत्याने कातडीच्या रंगाचं, चटकन न दिसणारं पुढे केलं. मी गडद निळं घेतलं. आता ग्राहक आधी कानाकडे बघतात आणि तोंड माझ्याकडे वळवून बोलतात. सासूबाईंचं मात्र नवंच सुरू झालंय: "एवढं महागाचं यंत्र घातलंयस, मग आता का ऐकू येत नाही?"