समजूत

वडोदऱ्याच्या एका मराठी घरात बारशाचा दिवस आहे. पाळण्यात बारा दिवसांची मुलगी निजलेली आहे. तिचा साडेचार वर्षांचा भाऊ मात्र आतल्या खोलीतील पलंगाखाली जाऊन बसला आहे. आत्याने आणलेली कुंची त्याने भिरकावून दिली, पाळण्याला लाथ मारली, आणि वडिलांनी दटावताच तो तेथे शिरला. जमलेली मंडळी आपापल्या परीने त्याला बाहेर काढू पाहतात. कोणी पेढा दाखवते, कोणी बागुलबुवाची भीती घालते, कोणी ‘एवढा मोठा दादा आणि रडतो?’ असे म्हणून त्याला लाजवते. शेजारच्या गुजराती बाई तेवढ्या हसून म्हणतात, ‘रिसायो छे.’ त्या गलबल्यात एवढे एकच निदान अचूक असते.

रुसणे आणि रागावणे यांत अंतर आहे. रागावलेला माणूस समोरच्याला दूर सारतो. रुसलेला स्वतः दूर जातो, पण कोणीतरी मागून यावे अशी आस धरून. मराठीने या छटांचा बारकाईने विचार केलेला दिसतो. खट्टू होणे, हिरमुसणे, फुरंगटणे, ओशाळणे, कावराबावरा होणे, यांतील प्रत्येक शब्द एका निराळ्या अवस्थेची खूण आहे. ज्या मुलाच्या कानावर हे शब्द पडत नाहीत, त्याच्या वाट्याला राग आणि रडू ही दोनच दारे उरतात. मनातील सारे काही त्याच दारांतून लोटले जाते. घरात नवे भावंड आले की वाटणारी भीती मग लाथेच्या रूपाने बाहेर पडते, आणि मोठी माणसे लाथेलाच शिक्षा करून मोकळी होतात.

मराठीत समजूत ‘घालतात’ आणि समजूत ‘काढतात’ही. व्यवहारात हे दोन प्रयोग एकमेकांच्या जागी सर्रास येतात. परंतु त्यांतील क्रियापदे उलट दिशांची आहेत. घालायचे ते बाहेरून आत. काढायचे ते जे आत आहे ते. मुलाच्या ठायी समज मुळातच आहे, ती गोंधळाखाली दबली आहे, हा विश्वास दुसऱ्या प्रयोगात गृहीत धरलेला आहे.

मराठी वाचकाला येथे ‘श्यामची आई’ आठवल्यावाचून राहत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई शिमटीने मारून विहिरीवर धाडते. आजच्या वाचकाला तो मार मान्य होणार नाही, होऊही नये. तरीही तो प्रसंग केवळ शिक्षेची कथा होत नाही. पोहून आलेल्या श्यामला आई जवळ घेते, आपण असे का वागलो ते त्याला सांगते. आणि आईचे मन मुलाला दिसते. मात्र हा उलगडा माराच्या नंतर यावा, हीच त्या काळाची मर्यादा होय.

ती मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न गुजरातेतच आधी सुरू झाला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढले. शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही साधने त्यांनी दूर ठेवली. त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणत. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे १९४५ साली बोर्डीला आल्या. बालवाडीपर्यंत येण्यास आदिवासी मुले बिचकतात असे दिसताच, त्यांनी अनुताई वाघांच्या साथीने बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. दूर बसलेल्या मुलाकडे मोठ्यांनी उठून जायचे असते, हे सूत्र त्या एका कृतीत आहे.

वडोदऱ्याच्या घरातील आजीने यांतले काही वाचलेले नाही. गुडघे दुखत असूनही ती पलंगाशेजारी फरशीवर बसते. काही वेळ बोलतच नाही. मग विचारते, ‘आईजवळची तुझी जागा गेली, होय रे?’ आतून प्रथम हुंदका येतो, नंतर प्रश्न: ‘ती परत कधी जाणार?’ आजी खोटे बोलत नाही. ‘ती इथंच राहायची. राग येईल तुला, वाईटही वाटेल. वाटलं की मला येऊन सांग. पण लाथ मारायची नाही, तिला लागतं.’ दुपारी आईच्या कुशीत निजण्याचे ठरते, तेव्हा मूल बाहेर येते.

वडील दारात उभे आहेत. ‘मुलगे रडत नाहीत’ हे वाक्य त्यांच्याही लहानपणी कोणीतरी त्यांना ऐकवले असेल. मुलाच्या गालांवर ओघळ अजून ओले आहेत. या वेळी ते दटावीत नाहीत. खाली वाकून कुंची उचलतात, आणि पाळण्याची दोरी मुलाच्या हाती देऊन स्वतःचा हात त्यावर ठेवतात.