ड्रॉइंग पाठवलंय, बघून घ्या

भोसरीच्या टूलरूममध्ये हे वाक्य रोज ऐकू येतं. पाठवणाऱ्याचं काम तिथे संपतं आणि घेणाऱ्याचं सुरू होतं. मी प्रेस टूलची डिझाइनं करतो. माझ्याकडे येणारी फाइल दुसऱ्याच कुठल्या तरी सॉफ्टवेअरमध्ये काढलेली असते आणि माझ्याकडून ती वायरकटवर किंवा व्हीएमसीवर जाते, तिथलं सॉफ्टवेअर आणखी तिसरं. या दोहोंच्या मध्ये बसून जे निस्तरावं लागतं त्याला कोटेशनमध्ये वेगळी ओळ नसते. पण ते काम डिझाइनइतकंच कौशल्याचं आहे असं माझं पक्कं मत आहे, आणि ते शिकायला नोटपॅडपासून सुरुवात करावी असं मी नव्या मुलांना सांगतो.

डीएक्सएफ फाइल नोटपॅडमध्ये सरळ उघडते. ऑटोकॅडची पहिली आवृत्ती डिसेंबर १९८२ मध्ये आली, तेव्हापासून हा फॉरमॅट तिच्यासोबत आहे. आत आकड्यांच्या जोड्या असतात. एका ओळीवर कोड, खालच्या ओळीवर त्याची किंमत. ० आला की नवी वस्तू सुरू झाली. ८ खाली लेयरचं नाव, १० खाली एक्स, २० खाली वाय, वर्तुळ असेल तर ४० खाली त्रिज्या. एवढी साधी मांडणी आहे म्हणूनच चार दशकांनंतरही कुणीही बसून ती वाचू शकतो. डीडब्ल्यूजी फाइलचं तसं नाही. तिची फक्त पहिली सहा अक्षरं डोळ्यांना कळतात. एसी१०१५ असेल तर ऑटोकॅड २०००च्या काळातली, एसी१०३२ असेल तर २०१८ची. 'फाइल उघडत नाही' असा फोन आला की मी आधी ती सहा अक्षरं बघतो.

वाचता येण्याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. ब्लँकचं प्रोफाइल वायरकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की कधी कधी सरळ रेषा जागेवर असतात आणि काही आर्क मात्र शून्यबिंदूच्या पलीकडे उलटे होऊन पडलेले असतात. मशिनवरचे मामा म्हणतात, "साहेब, फाइल करप्ट आहे, परत मागवा." परत मागवली तरी तेच दिसणार, कारण फाइलमध्ये दोष नसतोच. काढणाऱ्याने तो भाग थ्रीडीमध्ये उलटा केलेला असतो. अशा आर्कचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते ऑटोकॅड २१०, २२० आणि २३० या कोडखाली लिहितं. २३० खाली -१ दिसला तर तो आर्क खालच्या बाजूने मांडलेला आहे आणि त्याचा एक्स उलट्या चिन्हाने लिहिलेला आहे असं समजायचं. रेषेला हा नियम नाही, तिचे बिंदू थेट मूळ अक्षांवरच लिहिले जातात. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने २३० कडे दुर्लक्ष केलं की रेषा इकडे आणि आर्क तिकडे. नोटपॅडमध्ये तो -१ सापडला की समोरच्याला नेमकं सांगता येतं, "या आर्कचा नॉर्मल सरळ करून पाठवा." दोन दिवसांची टोलवाटोलवी वाचते.

उडालेला आर्क निदान डोळ्यांना दिसतो. जास्त घात करते ती स्प्लाइन. समोरच्या सॉफ्टवेअरला स्प्लाइन कळत नसेल तर फाइल बाहेर काढताना तिचे बारीक सरळ तुकडे केले जातात. पडद्यावर वक्र पूर्वीसारखाच गुळगुळीत दिसतो. पण एक मिलिमीटरच्या सीआर पत्र्याला आम्ही पंच आणि डायमध्ये दर बाजूला साधारण ०.०५ मिलिमीटर क्लिअरन्स ठेवतो. तुकडे मूळ वक्रापासून ०.०२ मिलिमीटरने सरकले तरी तो क्लिअरन्स जागोजागी कमीजास्त होतो आणि पार्टला एकीकडे जादा बर येते. फिटर पंचावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "इथं पैलू लागतायत." म्हणून तुकडे किती बारीक व्हावेत हे मी सॉफ्टवेअरवर सोडत नाही. शक्य असेल तिथे स्प्लाइन काढून टाकून तिच्या जागी एकमेकांना स्पर्शून जाणारे आर्क स्वतः बसवतो. वेळ जातो, पण मशिनची तार मग एका चालीत वळते.

युनिटचं बघा. डीएक्सएफच्या सुरुवातीच्या भागात 'इन्सयुनिट्स' नावाची नोंद असते. १ म्हणजे इंच, ४ म्हणजे मिलिमीटर आणि ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. हा ० फार वेळा भेटतो. झूम एक्स्टेंट्स केलं की वॉशर आणि ट्रकचं चाक पडद्यावर सारखंच मोठं दिसतं, म्हणून आकार बघून युनिट कधीच ठरवू नये.

थ्रीडीमध्ये आलं की दुखणं वेगळं. आयजीईएस हा फॉरमॅट अमेरिकेत १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. पंचकार्डाची सवय त्यात अजून दिसते. प्रत्येक ओळ ८० अक्षरांची, आणि ७३व्या जागी एस, जी, डी, पी, टी यांपैकी एक अक्षर, म्हणजे ती ओळ फाइलच्या कुठल्या विभागातली हे कळतं. त्याची ५.३ ही आवृत्ती १९९६ मधली, तरी आमच्याकडे आजही 'आयजीएस' येतात. त्यात बहुधा कापलेले पृष्ठभाग सुटे सुटे लिहिलेले असतात. शेजारच्या दोन पृष्ठभागांची कड एकच आहे हे फाइलला ठाऊक नसतं, दोघांची कड वेगवेगळी नोंदलेली असते. पाठवणाऱ्याचं सॉफ्टवेअर ०.०१ मिलिमीटरची फट चालवून घेत असेल आणि माझं ०.००१ वर अडत असेल, तर त्याच्याकडचा भरीव पार्ट माझ्याकडे पोकळ कातडी होऊन येतो. मग एकेक कड पकडून शिवत बसायचं. टॉलरन्स वाढवला की सगळं झटक्यात शिवलं जातं. हा मोह टाळावा, कारण मिटलेली फट नंतर कटरच्या वाटेत पायरी होऊन उभी राहते.

स्टेपने, म्हणजे आयएसओ १०३०३ ने, यातलं बरंच सोपं केलं. १९९४ मध्ये त्याचे पहिले भाग निघाले. कड दोन पृष्ठभागांमध्ये सामाईक आहे हे स्टेपमध्ये लिहिलेलं असतं. आधी एपी२०३, वाहन उद्योगासाठी एपी२१४, आणि २०१४ मध्ये दोन्ही सामावून घेणारा एपी२४२, ज्यात मापांचे टॉलरन्सही मॉडेलसोबत जाऊ शकतात. पण पार्ट कसा घडत गेला तो इतिहास सहसा येत नाही. तीन मिलिमीटरचा फिलेट माझ्याकडे नुसता एक गोल पृष्ठभाग होऊन येतो. कुठलं भोक आधी ठरलं, कुठलं त्याच्यावरून मोजलं, हे ज्याने काढलं त्याच्याच डोक्यात राहतं. ते फोन करून विचारावं लागतं, आणि विचारण्यात कमीपणा मानू नये.

एकाच कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं की सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. पण एअरबसच्या ए३८० विमानाचं उदाहरण बघा. त्यात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. ते डिझाइन करताना हॅम्बुर्गचे लोक कॅटिया या सॉफ्टवेअरच्या व्ही४ आवृत्तीवर होते, तुलूझचे व्ही५ वर. हॅम्बुर्गहून आलेल्या भागांमधल्या वायरिंगची जुळणी तुलूझमध्ये होईना. २००६ मध्ये वेळापत्रक पुन्हा पुन्हा पुढे ढकलावं लागलं आणि पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती ऑक्टोबर २००७ मध्ये पडलं. नाव एकच होतं, आवृत्त्या दोन होत्या. मला यात सॉफ्टवेअरपेक्षा माणसांचा दोष जास्त दिसतो. कुठे कुठली आवृत्ती चालू आहे, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवता येतं.

आपल्या मराठीचंही एक दुखणं सांगायलाच हवं. युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये लिहिलेली गावांची, ओढ्यांची, गटांची नावं कॅडमध्ये काढलेल्या जुन्या नकाशांमध्ये आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात. रेषा शाबूत राहते आणि गाव हरवतं. ज्यांच्याकडे असे नकाशे आहेत त्यांनी जुना फाँट हाताशी आहे तोवर ती नावं युनिकोडमध्ये बदलून ठेवावीत.

आणि मॉडेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मेलमध्ये युनिट लिहा, पार्टचं घनफळ लिहा, आणि दोन भोकांमधलं एक अंतर तरी लिहा. सोबत पीडीएफ जोडा. घेणाऱ्याने फाइल उघडल्यावर पहिल्यांदा घनफळ काढावं. ते निघतच नसेल तर हाती पार्ट नाही, नुसती पृष्ठभागांची कातडी आली आहे. निघालं आणि जुळलं नाही, तर पोलाद मशिनवर चढवायच्या आधी फोन करा.