नाव ठेवताना...

मंडळी, लिंक्स नावाचा एक ब्राउझर आहे. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, नुसती अक्षरं. १९९२ साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात जन्मला, अजून धडधाकट आहे. नाशिक रोडच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी तोच वापरते. दुव्यावर जाऊन 'डी' दाबलं की पान उतरवून घेता येतं, आणि फाईलचं नाव तो स्वतःच सुचवतो.

गंमत अशी, की हे नाव तो लेखाच्या मथळ्यावरून नाही, पत्त्याच्या शेवटच्या तुकड्यावरून घेतो. आणि पत्त्यात आपली मराठी मार खाते. तिथे देवनागरीतल्या एकेका चिन्हाची नऊ-नऊ चिन्हं होतात. 'नाशिक' म्हणजे काना-वेलांटी धरून ५ चिन्हं, त्यांची झाली ४५!

आत्याचा ब्लॉग होता तिथे तर मराठी मथळा पत्त्यात यायचाच नाही. दर महिन्याचा पहिला लेख 'ब्लॉग-पोस्ट', पुढच्यांना त्यापुढे आकडे. वर्ष-महिना पत्त्यात असतो, पण शेवटच्या तुकड्याच्या आधी. त्यामुळे मार्चचा पहिला लेख आणि एप्रिलचा पहिला लेख, दोघांचं नाव एकच. लिंक्स विचारतो, "ही फाईल आहे, तिच्यावर लिहू का?" 'हो' म्हटलं की आधीचा लेख गेला.

आत्या गेल्या वर्षी गेली. तिचे ४१ लेख आहेत, २००७ ते २०१० मधले. एक आजोबांवर आहे. ते करन्सी नोट प्रेसमध्ये होते. आमच्या नाशिक रोडला १९२८ पासून नोटा छापतात, आणि प्रत्येक नोटेला स्वतःचा नंबर. त्यांच्यावरच्या लेखाचं नाव मात्र 'ब्लॉग-पोस्ट'!

म्हणून सुचवलेलं नाव खोडून मी आधी तारीख घालते, मग मराठी मथळा. तारीख पुढे असली की फाईली आपोआप क्रमाने लागतात. लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे देवनागरी ८५ चिन्हं. मथळ्याला पुष्कळ झाली. या निमित्ताने प्रत्येक लेख पुन्हा वाचून होतोय, हे वेगळंच.

४० झाले. एकाला मथळाच नाही. स्टेशनवर भर पावसात डबा घेऊन उभी असलेली एक बाई आहे त्यात. ताई, दादा, ती आजी का हो? कळवा, म्हणजे तसं नाव देते.