सैल दट्ट्या

दिवाळीच्या फराळात चकलीचा मान मोठा. पण माझे लक्ष असते सोऱ्याकडे. आमच्या घरच्या पितळी सोऱ्याचा दट्ट्या झिजला आहे. दाबला की पीठ खालच्या चकतीतून उतरायचे सोडून निम्मे दट्ट्याच्या कडेने वर चढते. मग सौभाग्यवती माझ्याकडे अशा पाहतात, की जणू तो मीच झिजवला! दरवर्षी हा प्रसंग घडतो आणि दरवर्षी मला २०१९ सालचा भामरागडचा पावसाळा आठवतो.

भामरागड म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचे छत्तीसगडला लागलेले टोक. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तिथे भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेला पुढे वाट मिळत नाही; ती मागे सरते आणि पाणी गावात शिरते. त्या वर्षी तर पर्लकोटेवरचा पूल पुन्हा पुन्हा बुडाला. मास्तरकीतून निवृत्त झालेला मी तेव्हा एका संस्थेची हिशेबवही सांभाळत होतो. संस्थेची एक बोट होती, तिला मागे लटकवलेले दोन सिलिंडरांचे इंजिन, आणि ते चालवणारा एक माडिया तरुण.

असले इंजिन नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओल एव्हिनरूडने १९०९ च्या सुमारास बाजारात आणले. वाग्दत्त वधूसाठी आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारत गेला आणि परत येईतो ते वितळून गेले, म्हणून त्याला हे सुचले, अशी गोष्ट सांगतात. खरीखोटी देव जाणे. आमच्या बोटीत आइस्क्रीम नव्हते. तांदळाची पोती होती आणि औषधांची पेटी.

हे इंजिन नदीचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. काम झालेल्या पाण्याची एक बारीक धार कुशीतून बाहेर पडत असते. ती दिसली की समजावे, सारे ठीक आहे. त्या दिवशी पाणी गाळाने चहासारखे झाले होते. अर्ध्या वाटेत तो तरुण म्हणाला, "गुरुजी, धार पातळ झाली. थांबू का?"

मी म्हणालो, "चल रे, अंधार पडेल."

थोड्याच वेळात इंजिनाने मान टाकली. प्रवाहाने आम्हाला एका अर्ध्या बुडालेल्या झाडाला नेऊन टेकवले. दोन डोंगेवाले आले नसते तर हा लेख लिहायला मी उरलो नसतो.

काठावर सगळ्यांनी त्या तरुणालाच धारेवर धरले. याला इंजिन सांभाळता येत नाही म्हणे! तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. उलट पुढचे तीन दिवस मी मोठ्या हुशारीने त्याला प्लग घासायला लावले, कार्ब्युरेटर धुवायला लावला, पेट्रोल बदलायला लावले. इंजिन सुरू होई, पण बोट ढकलायची म्हटली की धापा टाकी.

पाणी ओसरल्यावर आलापल्लीहून एक मिस्त्री आला. धानाच्या शेतातले पंप दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने दोन्ही प्लग काढले, वरच्या भोकावर अंगठा ठेवला आणि दोर ओढायला सांगितला. "काहून जी गुरुजी, हा अंगठा तर उडतच नाही!" मग त्याने दाब मोजायचे घड्याळ लावले. खालचे सिलिंडर एकशे दहा पौंड दाखवी, वरचे पासष्ट. वरच्यात त्याने चमचाभर तेल ओतले आणि पुन्हा दोर ओढवला. काटा पंचाण्णववर गेला. "रिंगा गेल्या जी. वरचा गॅस्केट गेला असता तर तेलाने फरक पडला नसता."

मला एकदम घरचा सोऱ्या दिसला.

तरीही त्याने लगेच इंजिन फोडले नाही. कुशीवरचे धुराड्याचे झाकण काढले, आतल्या खिडकीतून बांबूच्या काडीने रिंग दाबून पाहिली. खालची स्प्रिंगसारखी उसळली. वरची दगड. उष्णतेने तेल जळून तिच्या खाचेत काजळीचा लुकण झाला होता.

दट्ट्या बाहेर आला तेव्हा त्यावर खोल ओरखडा नव्हता, हे आमचे नशीब. जुन्या रिंगेच्या तुकड्यानेच त्याने खाच कोरून साफ केली. नव्या रिंगा नागपूरहून यायला चार दिवस लागले. आभाळ रोज भरून येई, आणि आम्ही नदीकडे पाहत बसत असू. रिंगेची टोके खाचेतल्या खिळीवर नीट बसवून, नवा गॅस्केट घालून त्याने डोक्याचे बोल्ट मधून बाहेर, आडवेतिडवे आवळले. शेवटी पाण्याचा पंप उघडला. रबरी चाकाची दोन पाती तुटलेली, बाकीची गाळात रुतलेली.

"धार बंद झाली होती का?" त्याने विचारले. सगळ्यांनी त्या तरुणाकडे पाहिले.

"त्याने मला सांगितले होते," मी म्हणालो. "मीच चल म्हणालो."

घसा कोरडा पडला होता. कुणी काही बोलले नाही. तो तरुण रॉकेलमध्ये नटबोल्ट धूत होता, तो धूतच राहिला.

पुढच्या पुराला आम्ही पुन्हा निघालो. नवीन रिंगा म्हणून पेट्रोलमध्ये तेल दुप्पट, लिटरला चाळीस मिलीलिटर, वेग कमी. एका वळणावर धार बारीक झाली. या वेळी त्याने मला विचारले नाही. बोट झाडाच्या आडोशाला घेतली, इंजिन बंद केले आणि म्हणाला, "गुरुजी, फांदी धरा."

तो तारेने धारेचे भोक मोकळे करीपर्यंत मी दोन्ही हातांनी फांदी धरून बसलो.