राहुट्यांमधली शाळा

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. आजही जुन्नर-आंबेगावच्या यात्रा कमिट्यांची मंडळी सुपारी ठरवायला आली होती. मी एका राहुटीशी रेंगाळलो. आत ढोलकीवाला दोरी आवळत होता. एक थाप, कान लावायचा, पुन्हा आवळायची. शेजारचं पोर एकटक बघत होतं. त्याची संगीतशाळा हीच.

शास्त्रीय गायक पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे संगीताच्या परीक्षा गावोगावी पोचल्या. ते काम थोरच. पण आमच्या भागाचा कान तयार केला तो फडांनी. तमाशा कलावंत विठाबाई अशाच घडल्या, भाऊ या वडिलांच्या आणि बापू या चुलत्यांच्या फडात. गण, गवळण, बतावणी, वग हा अभ्यासक्रम आणि परीक्षेला समोर अख्खं गाव! राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही बाई २००२ साली गेली, ती हलाखीत. ते अजून सलतं.

सरकारने इथेच संगीतशाळा काढावी. थकलेल्या वादकांना गुरू म्हणून मानधनावर नेमावं, पदवी विचारू नये. त्या पोराला सकाळी शाळा आणि संध्याकाळी ढोलकी, दोन्ही मिळायला हवं.